शिळे पाणी

“आणि एक, आबा. त्याला शिवायचं नाही. काहीही झालं तरी शिवायचं नाही.”

बुटांचे बंद आवळता आवळता क्रांतीने हे बजावले, आणि काचेच्या टाकीशेजारी स्टूल घेऊन बसलेल्या तिच्या आजोबांना, केरबांना, हसू आवरले नाही. साठी केव्हाच ओलांडलेल्या त्या मनुष्याच्या कानांवरून हा शब्द आयुष्यात पुष्कळदा गेला होता. परंतु तो ऐकून हसण्याचा योग पहिल्यांदाच येत होता.

“लईच सोवळं हाय की तुझं,” ते म्हणाले. “कुठल्या घराण्यातलं म्हणायचं ह्ये पावणं?”

पावणे मेक्सिको देशातले होते. वीतभर लांब, दुधात कुंकवाचा कण पडावा तशा फिकट गुलाबी अंगाचे, चार इवल्या पायांचे. मानेच्या दोन्ही बाजूंना तांबड्या पिसांसारखे तुरे आणि मुद्रेवर अखंड मंदस्मित. ते तुरे म्हणजे त्याचे कल्ले. जात बेडकाच्या जवळची, पण बेडूक मोठा झाला की पाणी सोडतो आणि हा जन्मभर सोडत नाही. क्रांतीची मैत्रीण अक्षता शिकायला बेंगळुरूला गेली, तेव्हा जाताना तिने हा ठेवा हिच्या हाती सोपवला होता. त्याचे ‘ॲक्सोलॉटल’ हे नाव केरबांच्या जिभेवर कधी चढलेच नाही. “आक्काला लोटलं” इथपर्यंत त्यांची गाडी येई आणि घर हसे. त्या सकाळी मात्र त्याला कायमचे नाव मिळाले. सोवळ्या.

क्रांती फुटबॉल खेळत असे, आणि तिचा संघ सामन्यांसाठी साताऱ्याला निघाला होता. वडील प्रसेनजीत फाउंड्रीत, आई संघप्रिया रुग्णालयात परिचारिका; दोघांच्याही पाळ्या अशा की घरात दिवसभर असणारे माणूस एकच. म्हणून तिने आजोबांना जवळ बसवून सारे समजावून सांगितले होते. त्याची कातडी आपल्यासारखी नाही. तो कातडीनेही श्वास घेतो, कातडीनेच पाणी आत ओढतो. अंगावर एक पातळ बुळबुळीत थर असतो, तेवढेच त्याचे वस्त्र. आपल्या हाताचे मीठ, तेल, साबण, काहीही त्याच्या आरपार जाते, म्हणून शिवायचे नाही. त्याला थंडावा लागतो, म्हणून बर्फ केलेली बाटली टाकीत आळीपाळीने सोडायची. आणि रोज थोडे पाणी बदलायचे, ते मागच्या अंगणातल्या निळ्या पिंपातले. दोन दिवस उघडे राहिलेले. नळाचे ताजे पाणी घालायचे नाही, कारण नळाच्या पाण्यात जे औषध असते त्याने त्याची कातडी भाजते.

हे शेवटचे सांगताना ती किंचित थांबली, आपण कोणाला काय सांगतो आहोत हे ध्यानात आल्यासारखी.

“पाण्यातलं मी तुम्हाला काय सांगणार म्हणा. तुमच्याइतकं पाणी कुणाला कळतंय?”

मनुष्याचा कान मोठा लबाड. केरबांच्या कानाने हे कौतुक जपून ठेवले आणि त्याआधीची सूचना दारातच सोडून दिली.

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात केरबांनी तीसएक वर्षे पाणी राखले होते. पंचायतीचे पाणी सोडायचे, बंद करायचे, आणि आडांत, टाक्यांत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंगची भुकटी, टाकायची, हे त्यांचे काम. पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी पाण्यात सोडायची. मग काही वेळाने काचेच्या नळीत त्यातलेच पाणी घेऊन औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळे झाले की ते शुद्ध. ही पिवळी झाक पाहण्यासाठी केरबा नळी सूर्याकडे धरीत, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो भाव येई तो मोठ्या निष्ठेच्या उपासकाच्याच मुद्रेवर येतो.

त्या निष्ठेला एक खोल कारण होते. त्यांचे आजोबा त्याच गावच्या आडापासून दूर, बाभळीखाली, रिकामी घागर घेऊन उभे राहत. कोणी तरी येईल, वरून ओतील, या आशेवर. त्यांची सावली पडली तरी पाणी बाटत असे. त्याच आडाच्या कठड्यावर पाय देऊन नातू उभा राहिला आणि पाणी शुद्ध करू लागला, ही गोष्ट केरबांनी कोणाला बोलून दाखवली नाही. पण ती त्यांच्या कण्यात होती. नोकरीच्या आरंभी काही घरांतून तक्रार येई की केरबाने हात लावल्यापासून पाण्याला वास येतो. तो वास पावडरीचा की हाताचा, हे तक्रार करणारा सांगत नसे आणि केरबा विचारीत नसत. ते नळी पुढे करीत. पिवळी नळी हेच त्यांचे उत्तर. पुढे महापूर आला, गावाच्या आडांत नदीने आपली सारी घाण आणून ओतली, आणि पूर ओसरल्यावर केरबा चिखल तुडवीत आडामागून आड शुद्ध करीत गेले. त्या वर्षी गावात कोणी पाण्याने दगावले नाही. ज्या घरांना वास येत असे त्या घरांनीही त्यांना ओट्यावर बसवून चहा पाजला.

निवृत्त होऊन ते कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला मुलाच्या घरी आले, तेव्हा ट्रंकेत पावडरीची एक बरणी, ती नळी आणि थेंबांची बाटली घेऊनच आले. सून कौतुकाने म्हणे की आमच्या घरचे पाणी तपासलेले असते.

क्रांती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बदलण्यासाठी केरबा अंगणात गेले आणि निळ्या पिंपाशी थबकले. पाण्यावर धुळीची साय धरली होती. कडेला डासांच्या दोन-चार अळ्या वळवळत होत्या. श्रावणाचे दिवस, गल्लीत तापाची साथ. नोकरीत असताना आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला लावून ज्यांनी गावातली पिंपे, रांजण दारोदार उपडे करविले, त्यांच्याच अंगणात हे.

“अगं पोरी,” ते स्वतःशीच पुटपुटले, “शिळं पाणी पाजतीस व्हय त्या जिवाला?”

आपल्याकडे हा शब्द अन्नाला लावतात तसा पाण्यालाही लावतात. रात्रीचे पाणी सकाळी शिळे. ते झाडाला घालावे, सड्याला वापरावे, पण पाहुण्याच्या पुढ्यात ठेवू नये. केरबांच्या आईने मरेपर्यंत पहाटेला हंडा पालथा घातला होता. जिला तासन्‌तास ताटकळल्यावर पाणी मिळे तीदेखील शिळे पाणी पाजत नसे. मग नळ दारात असताना आपण का पाजावे? नातीने काही सांगितले होते हे त्यांना आठवत नव्हते असे नव्हे. आठवत होते. परंतु ज्या औषधाने एक गाव तगले ते एका जिवाला कसे भाजेल, हे त्यांच्या बुद्धीत शिरेना. लेकरू आहे, मोबाइलवर काही वाचले असेल, एवढेच त्यांना वाटले.

त्यांनी पिंप कलंडवले. काथ्याने घासून लख्ख केले. नळाला पाणी आले ते पावसाळी, तांबूस झाक असलेले. मग त्यांनी ट्रंक उघडली. एवढ्याशा पाण्याला चिमूट पुरली असती. पण गढुळाला हात सैल सोडावा हा जुना अनुभव, म्हणून चिमटीहून थोडी अधिक घेतली, कालवली, गाळ बसू दिला, निवळी सोडली, काही वेळाने नळी भरली, थेंब टाकले. सुंदर पिवळा रंग आला. कित्येक महिन्यांत असे समाधान त्यांना लाभले नव्हते. नात सांगून गेली होती थोडे बदलायला. त्यांनी टाकीतले बहुतेक सारे शिळे पाणी काढून टाकले आणि हे शुद्ध पाणी, पाहुण्याला तांब्या द्यावा तशा आदराने, हलक्या धारेने आत सोडले. सोवळ्याला बोटही लागू दिले नाही.

जेवण करून ते पडले. उठून पाहतात तो टाकी गजबजलेली. जो प्राणी दिवसचे दिवस एका जागी ऋषीसारखा बसे तो काचेवर आपटत वर धावत होता, तोंड बाहेर काढून हवा गिळीत होता, पुन्हा तळाला जात होता. तुरे पुढे वळून आखडले होते, त्यांचा तांबडा रंग उतरला होता. शेपटीचे टोक मुडपले होते. अंगावरून पांढुरकी जाळी सुटून पाण्यात लोंबत होती, उन्हाने भाजलेल्या पाठीची साल सुटावी तशी. सकाळी टाकलेले गांडूळ तसेच तळाशी पडले होते.

नेमका त्याच वेळी क्रांतीचा फोन आला. सामना सुरू व्हायचा होता, मागे शिट्ट्या वाजत होत्या.

“आबा, खाल्लं का त्यानं?”

केरबांची दृष्टी त्या गांडुळावर होती.

“खाल्लं की,” ते म्हणाले. “खुशाल हाय.”

“मग मी निवांत खेळते.”

फोन बंद झाला. ज्यांनी आयुष्यात पाण्याविषयी एक अक्षरही खोटे सांगितले नव्हते, ते केरबा हातात फोन धरून भिंतीकडे पाहत उभे राहिले. आपण खोटे बोलणार आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. ते बोलून झाल्यावर कळले.

मग त्यांनी नळी काढली आणि टाकीतले पाणी घेऊन थेंब सोडले. पाणी पिवळे झाले. सकाळी होते त्याहून उगीच थोडे फिके. तोच रंग, तीच नळी, तोच उजेडाकडे धरलेला हात. फक्त सकाळी ती नळी त्यांची साक्ष होती आणि आता फिर्याद.

आणि मग त्यांना आडांतले बेडूक आठवले. पावडर टाकली की दुसऱ्या दिवशी आडात बेडूक उलटे तरंगत, पांढरी पोटे वर करून. कधी मासोळ्या, एकदा एक कासवाचे पिल्लू. केरबा ते जाळीने काढून उकिरड्यावर टाकीत आणि गावाला सांगत, घाण निघाली. इतकी वर्षे त्यांनी तिला घाणच म्हटले होते. गाव वाचले हे खरे. त्यात खोट नव्हती, आजही नाही. परंतु त्या पोटांकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि आता ती सगळी एकदम त्यांच्याकडे पाहू लागली.

आता पाणी हवे होते. औषध नसलेले. घरातल्या प्रत्येक भांड्यात, माठात, वरच्या टाकीत त्यांनीच शुद्ध केलेले पाणी होते; संबंध घरात त्या जिवाला चालेल असा एक तांब्या उरला नव्हता. जे होते ते सकाळी मोरीतून वाहून गेले होते, शिळे म्हणून.

गल्लीच्या टोकाला आकाराम म्हणून एक दूधवाले होते. त्यांच्या गोठ्याला बोअर होती. केरबा दोन बादल्या घेऊन निघाले. आकाराम दूध घालायला गेलेले. त्यांची आई तानाबाई म्हशींपुढे वैरण टाकीत होती. केरबा फाटकाशी आले आणि तिथे त्यांचे पाय थांबले. आयुष्यात त्यांनी कोणाच्या दारात पाणी मागितले नव्हते. ते देणारे होते; मागण्याची पाळी येऊ नये म्हणूनच ते देणारे झाले होते. फाटक सताड उघडे असताना ते बाहेर, शेवग्याच्या झाडाखाली, रिकाम्या बादल्या घेऊन उभे राहिले. आपण कसे उभे आहोत, किती अंतर ठेवून उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांच्या कानशिलांना चटका बसला.

“कोन हाय? केरबा न्हवं?” तानाबाईने डोळ्यांवर हात धरला. “भैर का हुबं ऱ्हायलासा, पावणं? फाटकाला काय कुलूप घातलंय व्हय?”

“पाणी पायजे हुतं जरा,” केरबा म्हणाले.

“मग घ्या की. मोटर चालू करा, त्यो काय खटका. मी काय वतायला येऊ?” ती हसली. “तुमच्या घरात नळ न्हाय आला?”

नातीच्या जनावराला हवे म्हणून त्यांनी सांगितले. कसले जनावर, मासा का? मासाच म्हणायचा, पण पाय आहेत.

“पाय असल्याला मासा,” तानाबाई म्हणाली. “मग येऊ दे की त्यालाच चालत. तुमी कशाला बादल्या उचलताय?”

एरवी केरबांनी याला खणखणीत उत्तर दिले असते. त्या दिवशी त्यांनी मान खाली घालून बादल्या भरल्या. म्हातारीच्या नजरेतून ते सुटले नसावे. ती वैरण टाकून आली, बोलता बोलता एक बादली उचलून फाटकापर्यंत घेऊन गेली आणि संध्याकाळीही या, विचारायला थांबू नका, एवढे सांगून वळली. तिच्या मनात काही नव्हते. जे होते ते केरबांच्या मनात होते, आणि म्हणूनच ते ओझे दोन भरल्या बादल्यांहून जड झाले.

घरी येताच त्यांनी बोअरच्या पाण्यात नळीची परीक्षा केली. थेंब पडले, विरले. रंग आला नाही. पाणी बिनरंगी राहावे अशी इच्छा धरून केरबा नळीकडे पाहत होते, आणि असे त्यांच्या हयातीत प्रथमच घडत होते. त्यांनी एका टबात ते पाणी ओतले, बर्फाची बाटली सोडून ते गार होऊ दिले, प्लास्टिकचा डबा बुडवून सोवळ्याला न शिवता अलगद उचलले आणि तिकडे सोडले. तो तळाशी गेला आणि पसरून पडला. जगेल की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता.

सामना संपल्यावर क्रांतीचा फोन पुन्हा आला. जिंकल्याचे ती सांगू लागली. केरबांनी तिला पुरे बोलू दिले. मग म्हणाले, “पोरी, मगाशी मी खोटं बोललो. त्यानं खाल्लं न्हाय. मी त्याला पावडरीचं पाणी घातलं.”

पलीकडे ती मैदानावरच्या गलक्यातून बाजूला झाली.

“दाखवा,” ती म्हणाली.

केरबांनी व्हिडिओ चालू करून फोन टबावर धरला. तिने त्यांना तो एका जागी टेकवून ठेवायला सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे, असे त्यांना वाटत राहिले. तिने सांगितले की पाणी रोज सगळे बदला, बोअरचेच घाला, उजेड करू नका. आणि समोरच्या शाळेच्या आवारात बदामाचे झाड आहे, त्याची गळून वाळलेली पाने धुऊन पाण्यात सोडा, कातडीला आराम पडतो. शेवटी म्हणाली, “आईला मी सांगते. तुम्ही काही बोलू नका.”

ती काय सांगणार हे केरबांना संध्याकाळी कळले. संघप्रिया पाळीवरून आली ती फोनवर लेकीला झापतच. मुकं जनावर घरात आणायचं, पिंप भरून ठेवायला विसरायचं आणि स्वतः चेंडू लाथाडायला जायचं. म्हाताऱ्या माणसानं नळाचं पाणी घातलं तर त्यांचा काय दोष, त्यांना तू सांगितलंच नव्हतंस म्हणतेस ना? पलीकडून क्रांती सारे ऐकून घेत होती, हो म्हणत होती. केरबा दोन हातांवर बसले होते. तोंड उघडायचे आणि आपला दोष आपण घ्यायचा, एवढेच काम होते. ते त्यांच्याने झाले नाही. नात त्यांच्यासाठी खोटे बोलत होती, आणि ते तिच्या खोट्याच्या सावलीत गार बसले होते. त्या घटकेची लाज त्यांना दुपारच्या लाजेहून मोठी वाटली.

जेवणे सुरू झाली. प्रसेनजीत फाउंड्रीतला काही प्रसंग सांगत होता. केरबांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेवला, पुन्हा उचलला. मग ताटाकडेच पाहत म्हणाले:

“त्या पोरीला बोलू नगंस, संघप्रिया. तिनं पिंप भरून ठेवल्यालं. सांगितल्यालं बी समदं. मीच वतून दिलं.” ते थांबले. “माझ्या हातानं पाणी बाटलं.”

प्रसेनजीतचा घास हातात राहिला. या घरात असा एक शब्द होता की जो कोणी उच्चारीत नसे. उच्चारू नये असे कोणी सांगितले होते म्हणून नव्हे, तर उंबऱ्याबाहेर पुरलेली वस्तू कोणी उकरीत नाही म्हणून. केरबांच्या वडिलांनी बुद्धाला शरण जाऊन ती पुरली होती. आणि आज ती केरबांच्याच तोंडातून ताटात पडली.

“आबा,” प्रसेनजीत हळूच म्हणाला, “जेवा.”

संघप्रियाने उठून त्यांच्या ताटात आमटी वाढली. तिचे डोळे भरले होते. पण ती परिचारिका होती, तिने पळी सांडू दिली नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी क्रांती परतली. अंतिम सामना हरली होती, दोन्ही गुडघे सोलवटले होते, आणि खांद्याला उग्र वासाचे मलम चोपडले होते. पिशवी टाकून ती थेट टबाशी गेली व उकिडवी बसली. सोवळ्या जिवंत होता. पण ज्या तुऱ्यांसाठी गल्लीतली लहान मुले काचेला नाके लावीत त्यांच्या जागी जळलेल्या वातींसारखे खुंट उरले होते. पाठीवर एक पांढरट चट्टा होता. मुद्रेवर ते मंदस्मित मात्र तसेच. निसर्गाने ते असे कोरले होते की दुःखातही पुसता येऊ नये.

केरबा मागच्या दाराच्या चौकटीत उभे होते. त्या तीन दिवसांत ते बोअरवरून पाणी आणीत, पाने सोडीत, डब्याने पाणी काढीत व घालीत. पण ती घरात येताच ते तिथवर सरले होते आणि पुढे येत नव्हते.

तुरे पुन्हा फुटतात, असे क्रांती पाठमोरीच म्हणाली. वेळ लागतो. तसेच होतील का, ते सांगता येत नाही.

“आबा, आजचं पाणी बदलायचंय.”

“तू बदल.”

“मला कसं जमेल? हात बघा.” तिने मलमाने चकाकणारे तळवे वर केले. “हे धुवून जात नाही. आज मी त्या पाण्याला शिवायचं नाही.”

केरबा हलले नाहीत. तिने वळून त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्यातले आणि टबातले अंतर पाहिले. तिला आईने फोनवर काही सांगितले असावे. कारण तिच्या मुद्रेवर एकाएकी असा कठोरपणा आला की जो मैदानावरही कोणी पाहिला नसेल.

“तो शब्द तुम्ही काढलात म्हणे,” ती म्हणाली. “पुन्हा काढलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी. चूक झाली म्हणा. हजारदा म्हणा, मी ऐकून घेईन. तो शब्द नाही.”

“व्हय,” केरबा म्हणाले.

“मग या.”

ते आले. त्यांनी साबण न लावता, बोअरच्या पाण्याने, कोपरापर्यंत हात धुतले, नखे धुतली, पुन्हा हात धुतले. डब्याने जुने पाणी काढले, नवे सोडले. मग बदामाचे एक वाळके, तांबूस पान धुऊन ते तळाशी ठेवण्यासाठी हात पाण्यात घातला. पानाचा अर्क सुटू लागला आणि टबातले पाणी हळूहळू पिवळे होत गेले. मधासारखे, गाभ्यातून उजळलेले पिवळे. हा केरबांनी आयुष्यभर पाहिलेला रंग नव्हे. त्यांनी पाहिला होता तो याच्या जवळचा, नळीतला, दुसराच.

हात मागे घ्यायच्या आतच तळाशी हालचाल झाली. सोवळ्या एकेक पाय टाकीत मंदपणे पुढे आला. पानापाशी थांबला. मग त्याने आपले इवल्याशा बोटांचे पाऊल केरबांच्या मनगटावर ठेवले, दुसरे ठेवले, आणि हनुवटी टेकून तिथेच बसला.

“आबा,” क्रांती कुजबुजली, “हलू नका.”

केरबा हलले नाहीत. पाण्यात बर्फाची बाटली तरंगत होती. बोटे बधिर होत होत कळेनाशी झाली. क्रांती उठून आत गेली, आतून भांड्यांचा आवाज आला, गल्लीत आकारामांच्या मोटारसायकलवर दुधाचे कॅन वाजत गेले. तरी ते तसेच वाकून राहिले. त्या जिवाला उठवून आपला हात काढून घ्यावा, एवढा अधिकार आपल्याला परत मिळाला आहे, असे त्यांना अजून वाटत नव्हते.